पालवी फुटली म्हणजे काडी जगली असं नाही

प्रश्न : ताई, गावाकडच्या घरी गावठी गुलाबाचं जुनं झाड आहे. पावसाळ्यात त्याच्या काड्या आणून कुंडीत लावल्या. थोड्याच दिवसांत सगळ्यांना लालसर पालवी फुटली. आनंदाने शेणखत घातलं, कुंडी उन्हात सरकवली. मग पानांनी माना टाकल्या आणि काड्या खालून काळ्या पडल्या. माझ्या हाताला गुणच नाही का? (एक वाचक, कराड)

उत्तर : हातगुणाचा इथे काहीच संबंध नाही, तो विचार आधी मनातून काढा. पावसाळा संपत आला की माझ्याकडे सर्वांत जास्त पत्रं याच तक्रारीची येतात.

काडीच्या आत साठवलेलं अन्न असतं. त्याच्या जोरावर डोळे, म्हणजे पालवीचे कोंब, फुटतात, आणि त्यासाठी मुळं असावी लागत नाहीत. पालवी मोठी झाली की पाणी मागते. खाली मुळंच नसतील तर ते आणायचं कुठून? त्यात कुंडी उन्हात गेली आणि ओल्या, खतावलेल्या मातीत कापलेल्या टोकाला बुरशी धरली.

मुळं येतात ती सालीच्या आत, लाकडाला लागून असलेल्या जिवंत थरातून. शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होणारं ऑक्झिन नावाचं संप्रेरक खाली उतरतं आणि कापाशी साठतं. तिथे आधी पांढरट गाठ धरते, मग मुळं सुटतात. म्हणून काडी उलटी लावायची नाही आणि सगळी पानं ओरबाडायची नाहीत. वरची एक-दोन ठेवायची.

फांदी निवडताना घाई करू नका. फूल नुकतंच येऊन गेलेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्या. काटा अंगठ्याने बाजूला दाबा. कट्कन सुटून आला तर लाकूड योग्य पिकलंय, सालीसकट सोलून निघाला तर कोवळं आहे. ६ ते ८ इंचांची काडी पुरते. खालचा काप पेराच्या लगेच खाली द्या. धुतलेली वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं घ्या, त्यात खताचा कणही नको. वरून पारदर्शक पिशवी घाला, ती पानांना चिकटू देऊ नका आणि कुंडी उजेडाच्या पण सावलीच्या जागी ठेवा. कृषी सेवा केंद्रात मुळं फुटण्याची पावडर मिळते, ती टोकाला लावली तर गुलाबाला खरंच मदत होते. काडी बटाट्यात खोचायचा प्रकार मात्र करू नका. बटाटा कुजतो आणि काडीलाही कुजवतो.

मुळं आली का हे बघायला काडी उपटू नका. तळाला भोकं पाडलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासात लावा आणि ग्लास काळ्या कागदात गुंडाळा. महिन्याभराने कागद काढून बघा. कडेला पांढरी मुळं दिसली, की मग खत, मग ऊन, तेही हळूहळू. गावठी गुलाबाला ही रीत उत्तम. रोपवाटिकेतले मोठ्या फुलांचे विलायती गुलाब बहुतेक जंगली गुलाबाच्या खुंटावर त्यांचा डोळा बसवून, म्हणजे कलम करून, केलेले असतात. त्यांची काडी जगली तरी स्वतःच्या मुळांवर बऱ्याचदा अशक्त राहते.

प्रश्न : माहेरचं घर दिवाळीनंतर विकायचं ठरलंय. अंगणात आईने लावलेला मोगरा आहे. आई आता नाही. तो ठाण्याच्या फ्लॅटमध्ये न्यायचाय. झाड उपटून न्यावं की फांद्या लावाव्यात? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. हा मोगरा जगलाच पाहिजे, म्हणून एकाच उपायावर विसंबू नका.

जुनं झाड उपटलं तर मुळं तुटतात आणि गॅलरीतल्या कुंडीत त्याचा जम बसणं कठीण. यंदा पावसाळ्यातच दाब कलम करा. जमिनीलगतची, वाकेल अशी फांदी निवडा. पेराच्या खालच्या बाजूला साल थोडी तिरकी कापा, तो भाग शेजारी ठेवलेल्या कुंडीतल्या मातीत दाबा, वर वीट ठेवा आणि शेंडा बाहेर मोकळा राहू द्या. मुळं येईपर्यंत मूळ झाडच या फांदीला पोसतं, त्यामुळे ती वाळायची भीती जवळजवळ नसते. अशा चार-पाच फांद्या दाबा. दसऱ्याच्या सुमारास त्या मूळ झाडापासून कापा, पण लगेच हलवू नका. पंधरा-वीस दिवस तिथेच स्वतःच्या मुळांवर राहू देत, मगच गाडीत ठेवा. त्याच दिवसांत जून फांद्यांचे छाटही वाळूत लावून ठेवा. मधल्या काळात शेजारच्या कुणाला तरी ओल बघायला सांगा, कारण गणपतीनंतर पावसाची उघडीप मिळाली की छोटी कुंडी दुपारपर्यंत कोरडी पडते.

सगळी रोपं एका घरात ठेवू नका. बहिणीकडे एक, मावशीकडे एक द्या. तुमच्या गॅलरीत चार-पाच तास थेट ऊन नसेल तर मोगरा जगेल, पण फुलणार नाही. तेव्हा ज्यांच्या दारात ऊन आहे त्यांना आधी द्या.

प्रश्न : पांढऱ्या चाफ्याची फांदी दरवेळी कुजते. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : ओली फांदी कोकणच्या पावसात लावाल तर कुजणारच. चाफा निष्पर्ण असतो तेव्हा, म्हणजे फाल्गुन-चैत्रात, हातभर फांदी कापा. चीक गळू द्या आणि आठ-दहा दिवस सावलीत आडवी ठेवा. काप कोरडा, टणक झाला की वाळूमिश्रित मातीत लावा आणि पाणी बेताने द्या. पाऊस सुरू झाला की कुंडी पडवीत घ्या.

प्रश्न : कढीपत्त्याची काडी पाण्यात ठेवली आहे. पानं हिरवी आहेत, मुळं काही येत नाहीत. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : कढीपत्त्याच्या छाटाला मुळं येणं अवघड असतं, त्यात वेळ घालवू नका. मोठ्या झाडाच्या आसपास मुळांतून फुटवे येतात. त्यातला एक मुळाच्या तुकड्यासकट काढून लावा. नाहीतर काळी, पिकलेली फळं मिळाली की गर धुऊन त्याच आठवड्यात बी पेरा. कढीपत्त्याचं बी साठवून ठेवलं की लवकरच उगवेनासं होतं.