फरशी आणि विजेच्या उपकरणांसाठी पहिली खरेदी

मालवणात समुद्रालगत घर घेतल्यावर फरशी आणि विजेची उपकरणे जपण्यासाठी आपण पॉलिश, सीलर (फरशीत ओल व डाग मुरू नयेत म्हणून लावायचे द्रव), आवरणे अशी जी लांबलचक यादी केली आहे, तिच्यातील बऱ्याच वस्तू आज घेण्याची गरज नाही.

सर्वप्रथम जाणकार वायरमनकडून अर्थिंग, म्हणजे घरातील विजेची जमिनीशी असलेली जोडणी, तपासून घ्यावे. सर्ज प्रोटेक्टर विजेचा अचानक आलेला जादा दाब जमिनीकडे वळवतो, त्यामुळे अर्थिंग सदोष असेल तर तो पुरेसे संरक्षण देऊ शकत नाही. आणि कातळावरच्या घरांत, विशेषतः उन्हाळ्यात जमीन सुकल्यावर, अर्थिंग कमकुवत पडते. स्टॅबिलायझर हा सर्ज प्रोटेक्टरला पर्याय नव्हे, कारण तो फक्त कमीजास्त होणारा दाब सांभाळतो. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू होण्यापूर्वीच टीव्ही व राउटरचे प्लग आणि केबल काढून ठेवावी.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे घट्ट प्लास्टिकचे आवरण. त्यात खारी, दमट हवा कोंडते आणि आतील धातू गंजतो. सुती कापड पुरेसे आहे, मात्र उपकरण चालू असताना ते काढावे.

फरशीसाठी क्लीनर किंवा सीलर घेण्याआधी फरशी कशाची आहे ते ओळखावे:

- शहाबादी, कोटा, संगमरवर: हे चुनखडीच्या कुळातील दगड असल्याने आम्लयुक्त क्लीनर, व्हिनेगर, लिंबू कटाक्षाने टाळावे. सीलर लावायचाच तर आत मुरणारा निवडावा आणि पावसाळ्यात नव्हे, फरशी पूर्ण कोरडी असताना लावावा.
- ग्लेझ्ड (वर काचेसारखा लेप असलेल्या) टाइल्स: सीलर नको.

दाराशी जाड काथ्याचे पायपुसणे मात्र आजच घ्यावे, कारण पायांबरोबर येणारी रेती कोणतेही पॉलिश खरवडून काढते.