शहरात चालवायच्या जुन्या गाडीला कोणती सुरक्षा साधनं सक्तीची असतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुनी गाडी घेतली आहे, फक्त शहरातच फिरवायची आहे, तर कायद्याने तिच्यात काय काय असायलाच हवं? एअरबॅग नसेल तर चालेल का? आणि हेडलाइटला पांढरे एलईडी, काचांना फिल्म, पुढे लोखंडी गार्ड असं लावून घेतलं तर काही अडचण? मी गाड्यांच्या तपासणीच्या कामात आहे, त्यामुळे तपासणारा कुठे थांबतो ते सांगतो. नेमके नियम देशागणिक बदलतात, पण गाभा बहुतेक ठिकाणी एकच असतो.

आधी एअरबॅग. सुरक्षेचा कायदा दोन टप्प्यांत लागू होतो. पहिला कारखान्यावर, गाडी बनली त्या तारखेला. दुसरा मालकावर, गाडी रस्त्यावर असेल त्या प्रत्येक दिवशी. पहिला सहसा मागे जाऊन जुन्या गाड्यांना लागत नाही. अमेरिकेत मागच्या काचेतला तिसरा ब्रेक लाइट 1986 च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला आणि मागे बघायचा कॅमेरा मे 2018 पासून. युरोपीय संघात आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या कारला लागते. या तारखांच्या आधीच्या गाड्यांना ही साधनं कोणी बसवायला लावली नाहीत. त्यामुळे तुमच्या गाडीत एअरबॅग मुळातच नसेल तर बहुतेक ठिकाणी ती चालते. होती, पण एखाद्या अपघातात उघडली आणि नंतर कोणी स्टिअरिंगवर नुसतं झाकण चिकटवून दिलं, तर मात्र चालत नाही. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. तो पेटलाच नाही तर खूश होऊ नका, दिवाच काढून टाकलेला असू शकतो. जुन्या गाडीच्या व्यवहारात मी सगळ्यात आधी हेच बघतो.

आता ‘फक्त शहरात’ याबद्दल. वेग कमी म्हणून यादी आखूड होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. इंग्लंडमध्ये 1865 च्या कायद्याने स्वयंचलित वाहनाच्या 60 यार्ड पुढे लाल निशाण घेऊन माणूस चालवणं बंधनकारक केलं होतं, आणि वस्तीत वेगाची मर्यादा ताशी 2 मैल होती. म्हणजे अगदी पहिलं सुरक्षा साधन पगारी होतं आणि त्याला दोन पाय होते! गंमत सोडली तरी त्या निशाणाचं काम गाडीत बसलेल्यांसाठी नव्हतंच, ते रस्त्यावरच्या बाकीच्यांसाठी होतं. शहरातली बहुतेक सक्तीची साधनं आजही त्याच कामाची आहेत. दिवे, इंडिकेटर, ब्रेक, हॉर्न, आरसे, वायपर, स्वच्छ काच, धड टायर. गाडीबाहेरचा माणूस तुम्हाला दिसला पाहिजे, तुम्ही त्याला दिसला पाहिजेत, आणि वेळेत थांबता आलं पाहिजे.

दिव्यांवर जरा जास्त बोलतो, कारण गाड्या अडकतात त्या इथेच. ब्रेक लाइट गेला आहे हे चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही. मधला तिसरा दिवा दिसायला किरकोळ, पण अमेरिकी वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या अभ्यासात त्याच्यामुळे मागून बसणाऱ्या धडका 4.3 टक्क्यांनी कमी झाल्याचं आढळलं. एवढ्या स्वस्त साधनाने इतकं साधलेलं फारसं दिसत नाही. तुमच्या गाडीत तो मुळात असेल तर तो चालू असायलाच हवा. इंडिकेटरची उघडझाप मिनिटाला 60 ते 120 या हद्दीत असावी लागते. एका बाजूचा अचानक घाईघाईने टिकटिक करायला लागला तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेला आहे असं समजा. गाडीने दिलेली ती सूचनाच असते.

पुढे पांढरा किंवा पिवळसर प्रकाश, मागे लाल, हा नियम जवळजवळ सगळीकडे आहे. मागे पांढरा दिवा फक्त रिव्हर्सचा आणि नंबर प्लेटचा. म्हणून शोभेच्या लाल-निळ्या पट्ट्या पुढच्या जाळीत लावू नका. निळा दिवा बघून लोक वाट सोडतात, कारण तो रुग्णवाहिका आणि पोलिसांचा असतो.

आणखी एक, खास शहरातलं. रस्त्यावर खांबांचा उजेड, समोर डीआरएल (गाडी चालू होताच आपोआप लागणारे दिवसाचे दिवे) लागलेले, डॅशबोर्डही उजळलेला. चालवणाऱ्याला वाटतं दिवे चालू आहेत. पण पुष्कळ गाड्यांत डीआरएल फक्त पुढे असतात आणि मागची बाजू पूर्ण अंधारात राहते. संध्याकाळी हेडलाइटचं बटण हाताने फिरवायची सवय लावा, ‘ऑटो’वर सोडून देऊ नका.

आता तुमचे पांढरे एलईडी. हॅलोजन बल्बमध्ये प्रकाश येतो तो काही मिलिमीटर लांबीच्या तारेतून, आणि हेडलाइटचा आरसा त्या तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. एच4 बल्बात, म्हणजे लो आणि हाय बीमच्या दोन्ही तारा असलेल्या बल्बात, तर लो बीमच्या (जवळच्या, खाली झुकलेल्या उजेडाच्या) तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते, ती वर जाणारा प्रकाश अडवते. तुम्ही त्या जागी एलईडीचा बल्ब खोचला की प्रकाश निघायची जागा थोडी सरकते, आणि तेवढ्याने खाली राहायला हवा तो उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तुम्हाला मात्र गाडीच्या पुढ्यातला रस्ता लख्ख दिसतो, म्हणून दिवे सुधारले असं वाटतं. म्हणूनच हा बदल लोकांना पटवून द्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. लो बीम साधारण एक टक्का खाली झुकलेला असतो, म्हणजे दहा मीटरवर दहा सेंटिमीटर. बऱ्याच हेडलाइटवर हा आकडा छापलेलाही असतो. एवढ्या बारीक हिशेबात बाजारातला कुठलाही बल्ब बसेल कसा? जर्मनीत 2020 पासून काही ठरावीक एलईडी बल्बना परवानगी मिळाली, पण तीही ठरावीक गाड्यांच्या ठरावीक हेडलाइटपुरतीच. अशी मंजुरी तुमच्या गाडीसाठी नसेल तर हॅलोजनच ठेवा. काच पिवळी पडली असेल तर ती पॉलिश करून घ्या आणि दिव्याचा फोकस तपासा. निम्म्या तक्रारी त्यातच मिटतात.

सुटे भाग घेताना काचेवर किंवा दिव्यावर वर्तुळात ‘ई’ आणि शेजारी आकडा दिसतो का बघा. 1958 च्या जिनिव्हा करारातून आलेली ही खूण आहे. आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा असतो, 1 जर्मनीचा, 4 नेदरलँड्सचा. अमेरिकेत अशी सरकारी मंजुरी नसते, तिथे उत्पादक स्वतःच हमी घेतो आणि ‘डीओटी’ (तिथल्या परिवहन खात्याची आद्याक्षरं) असं लिहितो.

काळ्या फिल्मचं गणित सोपं आहे, फक्त लोक ते करत नाहीत. पुढच्या काचेतून आणि चालकाच्या बाजूच्या काचांतून किमान 70 टक्के प्रकाश आत यावा असा नियम पुष्कळ देशांत आहे. काही ठिकाणी बाजूच्या काचांना थोडी सूट मिळते. पण कारखान्यातून आलेली काचही शंभर टक्के पारदर्शक नसते. समजा तुमची काच 78 टक्के प्रकाश सोडते आणि वरून ‘अगदी हलकी’ म्हणून 85 टक्क्यांची फिल्म लावली, तर आत येणार 66 टक्के. म्हणजे गेलात नियमाबाहेर. शिवाय चौकात पायी रस्ता ओलांडणारा माणूस चालकाच्या तोंडाकडे बघून ठरवत असतो की याने मला पाहिलं की नाही. काळ्या काचेतून त्याला काही कळत नाही.

लोखंडी गार्ड नको. बंपरच्या मागची रचना धडकेत चुरगळण्यासाठीच केलेली असते. पुढे लोखंड आलं की धक्का थेट चासीवर जातो आणि एअरबॅग असेल तर तिच्या सेन्सरचा अंदाजही चुकू शकतो. पायी चालणाऱ्याला त्या नळीचा मार बसतो तो वेगळाच. काही देशांत यावर सरळ बंदीच आहे.

ब्रेकचं थोडक्यात. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर ब्रेक ऑइल आणि लाइनमधली हवा बघून घ्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून गाडी कमी चालली असली तरी ते बदलावं लागतं. कारचा हँडब्रेक भरलेली गाडी 20 टक्के चढावर धरून ठेवेल असा असावा लागतो. टायर गोटा झाला असेल तर वाद नको. नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात, टायर झिजत त्यांच्यापर्यंत आला की 1.6 मिलिमीटर उरलं आणि पुष्कळ देशांत तीच कायद्याची हद्द आहे. पाण्यावर पकड मात्र त्याच्या बरीच आधी कमी होते. जुन्या गाडीत नक्षी चांगली आणि रबर मात्र वाळलेलं असंही होतं. टायरच्या बाजूवरच्या बनावटीच्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे बघा, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा.

सीटबेल्ट ओढून एकदम झटका द्या, तो अडकला पाहिजे. पट्ट्याच्या कडा उसवल्या असतील तर शिवून घेऊ नका, पूर्ण बदला. लहान मूल मागे तोंड करून बसायच्या सीटमध्ये असेल आणि समोर चालू एअरबॅग असेल तर ती सीट पुढे ठेवायची नाही. उघडणारी एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर आदळते.

हॉर्न एका सुराचा ठेवा, सायरन किंवा गाणी वाजवणारा नको. धोक्याचा त्रिकोण अनेक देशांत सक्तीचा आहे, अग्निशामक नळकांडं त्याहून कमी ठिकाणी. पोलंड आणि बेल्जियममध्ये ते लागतं. तुमच्या इथली यादी परिवहन खात्याकडून एकदा तपासून घ्या, पण त्रिकोण सक्तीचा नसला तरी ठेवा.

तपासणीला नेण्याआधी एवढं करा: अंधारात गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा, ब्रेक दाबा आणि आरशात बघा. दोन्ही बाजूंचे आणि असेल तर मधला, सगळे ब्रेक लाइट भिंतीवर वेगवेगळे दिसतात. मग गाडी वळवून लो बीम त्याच भिंतीवर टाका. उजेडाची वरची कड हेडलाइटच्या उंचीपेक्षा जराशी खाली दिसली तर ठीक (फुटपाथच्या बाजूला ती थोडी वर वळलेली असते, तो दोष नाही), सगळीच वर चढलेली दिसली तर आधी गॅरेज.