आई ग्रीन कार्डवर अमेरिकेत भावाकडे असते. तिच्याजवळ जाऊन राहायला मला कोणता व्हिसा मिळेल?

दादा, आई ७४ वर्षांची, गुडघे गेलेले, न्यू जर्सीला भावाकडे, एवढं तुम्ही लिहिलंत. तुमचं लग्न झालंय का, ते लिहिलं नाही. सगळं तिथेच अडतं.

ग्रीन कार्डवाली आई फक्त बिनलग्नाच्या मुलांसाठी आय-१३०, म्हणजे नातेवाइकाला बोलावण्याचा अर्ज, भरू शकते. एकविशी ओलांडलेल्यांचा तो एफ२बी गट, आज आठ-नऊ वर्षांची रांग. मधेच लग्न केलं की अर्ज बाद. लग्न झालेलं असेल तर आधी आईनं नागरिक व्हायचं, त्याला ग्रीन कार्डावर ५ वर्षं हवीत, आणि मग एफ३ची, म्हणजे नागरिकाच्या लग्न झालेल्या मुलांच्या गटाची, चौदा-पंधरा वर्षं. तिचं वय मांडून बघा. भाऊ नागरिक असेल तर तो तुमच्यासाठी एफ४, म्हणजे भावंडांच्या गटात, अर्ज भरू शकतो, तिथे जवळपास वीस वर्षं. शिवाय अर्ज करणारं माणूस गेलं की अर्जही जातो. माणुसकीच्या आधारावर तो पुन्हा चालू करायची विनंती करता येते, पण मान्य करणं तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या हातात. ऑस्ट्रेलियात निदान केअरर व्हिसा नावाचा प्रकार आहे, रांग लांब असली तरी. अमेरिकेत आईची सेवा करायला म्हणून मुलांना व्हिसाच नाही.

एफ४चं मला सहज बोलता येत नाही. माझा भाऊ २०११ला तिथला नागरिक झाला, तेव्हाच मी म्हटलं होतं, माझा अर्ज टाकून ठेव. “तुला काय करायचंय इथे येऊन?” म्हणाला. वडील गेल्यावर २०१५ला तो आईला घेऊन गेला. नागरिक मुलाला आई-वडिलांसाठी रांग नसते, त्यामुळे तिचं काम लवकर झालं. अमळनेरच्या घराला कुलूप लागलं. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी जाते. मी त्या वर्षी कुठे जाणार होते?

२०१८ला आई पडली आणि मी बी-२, म्हणजे पाहुण्यांचा तात्पुरता व्हिसा, भरला. गावातल्या एजंटनं बजावलं, फिरायला जाते म्हणून सांगा. मला ते पटलं नाही. मुंबईत मुलाखत मराठीत देता येते, तशी दिली. परत कधी येणार, विचारलं. मी म्हटलं, आई बरी होईपर्यंत राहीन. दोन मिनिटांत २१४(बी)चा, म्हणजे परत जाल याची खात्री नाही म्हणून नकाराचा, कागद हातात. बाहेर रस्त्यावर उभी राहून रडले. खरं बोलले म्हणून नाकारलं असं तेव्हा वाटलं. आज वाटतं, खरं अर्धंच बोलले होते. माझी मुलं, नवऱ्याची शेती, परत यायचं कारण, यातलं काही बोललेच नाही. २०१९च्या सुरुवातीला पुन्हा गेले. आईची काळजी घ्यायला जाते हेच सांगितलं, आणि कापूस वेचणीला ऑक्टोबरात परत येणार हेही. सातबारा घेऊन गेले होते, कोणी बघितला नाही. व्हिसा मिळाला. तेव्हा फी १६० डॉलर होती, आता १८५ आहे.

व्हिसा १० वर्षांचा असला तरी तुम्ही १० वर्षं राहू शकत नाही. किती दिवस ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुतेकदा ६ महिने, आणि ती तारीख आय-९४ वर, म्हणजे तुमच्या प्रवेशाच्या नोंदीवर, असते. वाढवून हवं तर ती तारीख उलटायच्या आत आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज भरायचा, सोबत डॉक्टरचं पत्र. पगाराचं काम करायचं नाही.

तिथे जाऊन बघितलं तर आई सकाळी आठ ते संध्याकाळी सहा घरात एकटी. धुरानं अलार्म वाजतो म्हणून वांगी भाजायची बंदी. भरीत खाऊन तिला चार वर्षं झाली होती! रोज रात्री मला एकच म्हणायची, “माले घर लई चाल,” मला घरी घेऊन चल. भाऊ म्हणायचा, ग्रीन कार्ड जाईल. ते तसं लगेच जात नाही. एक वर्षाहून जास्त बाहेर राहायचं असेल तर निघण्याआधी रीएन्ट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, मागायचं, आय-१३१ या अर्जावर. ते २ वर्षांपर्यंतचं मिळतं. अर्ज करताना माणूस अमेरिकेतच असावं लागतं, बोटांचे ठसेही तिथेच देऊन निघालेलं बरं. आईचं तसंच केलं आणि ऑक्टोबरात तिला सोबत घेऊन आले. घराचं कुलूप उघडलं. दोन आखाज्या ती अमळनेरात होती. २०२१ला गेली.

कोरोनामुळे भावाला येता आलं नाही. तुझ्यामुळे मला तिचं तोंड दिसलं नाही, हे तो अजून ऐकवतो. त्याचं दुःख खोटं नाही. पण कुठे राहायचं ते आईला विचारलं पाहिजे होतं, आणि ते त्यानं २०१५ला विचारलं नाही. तुम्ही विचारा, भाऊ घरात नसताना फोन करून. ती घरी यायचं म्हणाली तर व्हिसाचा नाद सोडा आणि तिला आणा. तिथली नागरिक झाली असेल तर ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, काढा, मग तिला इथे राहायला मुदतच नाही.

तिचं डायलिसिससारखं काही चालू असेल, किंवा नातवंडांत ती रमली असेल, तर माझं हे सगळं तुम्हाला लागू नाही. तेव्हा बी-२ वर सहा महिने जा, दोन खेपांत पुरेसं अंतर ठेवा, नाहीतर तिथेच मुक्काम करता असं समजून विमानतळावरून परत पाठवू शकतात. रीएन्ट्री परमिट असलं तरी नागरिकत्वाच्या ५ वर्षांची मोजणी बाहेर राहिल्यानं तुटते, हे मला उशिरा कळलं.