गाडी विकून दीड वर्ष झालं, मग कोर्टाचा कागद माझ्या नावावर कसा?

"गाडी विकली, पैसे मिळाले, किल्ल्या दिल्या, आता त्या गाडीशी माझा काय संबंध?" असं विचारत येणारी माणसं घाबरलेली पण असतात आणि चिडलेली पण. मी कायदेविषयक समुपदेशन करते, म्हणजे कोर्टात उभी राहत नाही, पण आलेला कागद वाचून त्याचा अर्थ काय, भीती किती खरी आणि आधी काय करायचं हे बसून सांगते. त्यातली एक केस सविस्तर लिहितेय कारण बहुतेकांचा घोळ अगदी तसाच असतो. ओळख पटू नये म्हणून गाव आणि काही तपशील बदललेत, आणि सरांना विचारूनच लिहितेय.

सर म्हणजे सातारा जिल्ह्यातले जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. जुनी वॅगनार होती, मुलाने नवीन घेऊन दिली म्हणून ही विकायला काढली, शेजारच्या तालुक्यातला एक तरुण ओळखीतून आला, सौदा ठरला, त्याने बरेचसे पैसे बँकेत टाकले, थोडे रोख दिले. सरांनी गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या, तारीख रिकामी, घेणाऱ्याचं नाव रिकामं, ओरिजिनल आरसी बुक दिलं, दोन्ही किल्ल्या दिल्या. "आठ दिवसात नावावर करून घेतो सर." नंतर दोनतीनदा फोन केला तर आज करतो, उद्या करतो, एजंटकडे दिलंय, आणि मग सरही विसरून गेले.

दीड वर्षाने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस. त्या गाडीने एका मोटरसायकलवाल्याला उडवलं होतं, गवंडीकाम करणारा माणूस, पायाची दोन हाडं मोडलेली, बारा लाखांचा दावा आणि सामनेवाला म्हणून सरांचं नाव.

सर एकटेच आले होते. पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. म्हणाले, "मॅडम, घरी हिला अजून सांगितलेलं नाही. मला अटक होईल का ते आधी सांगा." मुलाला पुण्याला फोन केला होता तर तो म्हणे बाबा तुम्ही गाडी विकलीय ना, मग दुर्लक्ष करा, जायचंच नाही कोर्टात.

पहिल्यांदा अटकेचं सांगितलं. हा नुकसानभरपाईचा दावा आहे, पैशाचा आहे, दावा लागला म्हणून कुणाला अटक होत नाही. निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा गुन्हा चालवणाऱ्यावर लागतो, आरसीवर नाव आहे म्हणून मालकावर नाही. मालकावर वेगळी जबाबदारी येते, म्हणजे पोलिसांनी मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ खाली विचारलं की गाडी कोण चालवत होतं तर जी माहिती आहे ती द्यावी लागते. सरांना अपघातानंतर पोलिसांचा फोन आलेलाच होता, त्यांनी "गाडी विकली" एवढं तोंडी सांगितलं आणि विषय संपला असं धरलं, लेखी काहीच दिलं नाही. असा फोन कुणाला आला तर त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या, सोबत विक्रीचे पुरावे जोडा आणि पोचेवर शिक्का घ्या.

मग पेन्शनचं विचारलं. सरकारी पेन्शन दिवाणी जप्तीतून वगळलेली आहे, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्येच ते आहे. हे ऐकल्यावर ते पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसले. घराबद्दल, शेतीबद्दल मात्र मी असं छातीठोक सांगितलं नाही. समुपदेशनात खोटा धीर द्यायचा नसतो, तो पुढच्या तारखेलाच उघडा पडतो.

नंतर त्यांचा खरा राग बाहेर आला. "अहो पण मी विकली ना गाडी! पैसे घेतलेत, बँकेत एन्ट्री आहे. मग मी मालक कसा?"

त्यांना सातबाऱ्याचं उदाहरण दिलं. जमीन विकली पण फेरफार झाला नाही तर तलाठी नोटीस कुणाला काढतो? ज्याचं नाव लागलंय त्यालाच ना. सर आणि तो तरुण यांच्यातली विक्री झालेलीच आहे, ती कुणी नाकारत नाही. पण अपघातात सापडलेल्या माणसाला समोर दिसतो फक्त नंबर, आणि त्या नंबरवरून आरटीओत जे नाव निघतं त्यालाच मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) मध्ये मालक म्हटलंय, कर्जाच्या किंवा भाडेकराराच्या गाडीचा अपवाद सोडला तर. सुप्रीम कोर्टाने ६ फेब्रुवारी २०१८ ला नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात हेच सांगितलं. त्यातली गाडी मूळ मालकाने २००७ मध्ये विकली होती, पुढे ती आणखी दोघातिघांच्या हातात गेली, मे २००९ मध्ये अपघात झाला त्यात एक जण गेला आणि गाडीचा विमाच नव्हता. हायकोर्टाने शेवटच्या खरेदीदारावर जबाबदारी टाकली होती, सुप्रीम कोर्टाने ती उलटवली आणि म्हटलं की रजिस्टरवर ज्याचं नाव आहे तोच जबाबदार, जखमी माणसाने किंवा त्याच्या घरच्यांनी एकाकडून दुसऱ्याकडे गेलेल्या, कुठेच नोंद नसलेल्या गाडीच्या मालकांचा माग काढत फिरायचं का?

सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तो गवंडी पण कुठं शोधत बसणार म्हणा." हे त्यांनी स्वतः म्हटलं याला मी फार महत्त्व देते, कारण तोपर्यंत त्यांच्या मनात दावा करणारा माणूस शत्रू होता. तो शत्रू नाहीये. त्याची मजुरी बुडालीय, त्याला पैसे मिळायलाच हवेत, प्रश्न फक्त ते कुणाकडून यावेत हा आहे. एकदा हे डोक्यात बसलं की माणूस कोर्टात भांडायला न जाता स्वतःची बाजू मांडायला जातो.

आणि ते कुणाकडून यावेत याचं उत्तर बहुतेक वेळा विम्यात असतं. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच, अपघाताच्या दिवशी विमा चालू होता का? सरांना माहीतच नव्हतं. विकताना तीन महिने शिल्लक होते एवढं आठवत होतं. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला तर विमा चालू दिसला, मग कंपनीकडे चौकशी केल्यावर कळलं की त्या तरुणाने नुसता थर्ड पार्टी विमा, म्हणजे समोरच्याचं नुकसान भरून देणारा, ऑनलाइन काढला होता आणि आरसी सरांच्या नावावर म्हणून पॉलिसीही सरांच्याच नावाने निघाली होती. सर वैतागले, माझ्या नावाने परस्पर पॉलिसी काढली म्हणून. मी म्हटलं सर, आत्ता तरी हीच तुम्हाला वाचवणारी गोष्ट आहे. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे एका ट्रकची अशीच केस आली होती, ट्रक १९९३ मध्ये विकलेला, नाव बदललेलं नाही, अपघात १९९४ मध्ये आणि मधल्या काळात विमा जुन्या मालकाच्याच नावाने काढलेला. कोर्टाने जुन्या मालकाला जबाबदार धरलं खरं, पण विमा कंपनीला पण त्यातून सुटू दिलं नाही, भरपाई तिच्यावर आली.

विमा नसता तर मला वेगळं बोलावं लागलं असतं. एका ताईंची स्कूटर अशीच विकलेली आणि बिनविम्याची होती, तिथे खरेदीदाराला बोलावून, त्याच्या वडिलांना समोर बसवून, तडजोडीने रक्कम ठरवावी लागली आणि तरीही ताईंना त्यातला काही भाग भरावा लागला.

सरांच्या मुलाचा सल्ला मात्र मी तिथल्या तिथे खोडून काढला, फोन स्पीकरवर ठेवूनच. नोटीस मिळूनही हजर राहिलं नाही तर प्रकरण एकतर्फी चालतं, आणि मग ताबा कधी दिला, पैसे कधी आले, गाडी कोण वापरत होतं हे सांगायला कोर्टात कुणीच नसतं. चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हतं असा मुद्दा विमा कंपनीने काढला तर कोर्ट कंपनीला आधी भरायला लावून नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा देऊ शकतं, अशा वेळी आपण गैरहजर असणं फार महागात पडतं. वकील लावायलाच हवा. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, तिथे महिलांना उत्पन्नाची अट नाही, इतर कुणाला काय अट आहे ते विचारून घ्या.

सरांच्या वकिलांनी त्या तरुणालाही सामील पक्ष करायचा अर्ज दिला. पुरावे काय होते? बँकेची एन्ट्री, त्याच्या आधारची झेरॉक्स आणि व्हॉट्सॲपवरचा "नावावर करून घेतो सर" हा मेसेज. नशीब की सरांनी फोन बदलला नव्हता. ताबा पावती नव्हती. खरं तर एका साध्या कागदावर गाडी नंबर, तारीख आणि वेळ, किलोमीटर, "या क्षणापासून चलन, अपघात, गुन्हा यांची जबाबदारी घेणाऱ्याची" असं लिहून दोघांच्या सह्या घेतल्या असत्या तर जखमी माणसापुढे नाही, पण त्या तरुणाकडून पैसे वसूल करायला तो कागद खूप उपयोगी पडला असता. नोटरी केलेल्या करारालाही हीच मर्यादा आहे, बरेच जण पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली की सुटलो समजतात, तसं नाहीये, आरटीओतलं नाव बदलल्याशिवाय सुटका नाही.

आणि हे नाव बदलायचं काम फक्त घेणाऱ्याचं आहे हा समज काढून टाका. कलम ५० प्रमाणे त्याच राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, दुसऱ्या राज्यात गेली असेल तर ४५ दिवसांत, आणि घेणाऱ्याला ३० दिवस असतात. फॉर्म २९ म्हणजे आपण कळवायचा कागद, तो सही करून त्याच्या हातात कोरा का द्यायचा? त्याचं नाव-पत्ता भरा, तारीख घाला, एक प्रत पोच घेऊन स्वतःकडे ठेवा. माझं स्पष्ट मत आहे की ओळखीचा असो, नात्यातला असो, अर्जाची पावती दिसेपर्यंत ओरिजिनल आरसी देऊ नका किंवा थोडी रक्कम कमी घेऊन स्वतः सोबत जा. लोकांना असं अडून बसायला संकोच वाटतो, विश्वास नाही का आमच्यावर असं समोरचा म्हणतो, पण कर्जाची गाडी विकताना बँकेची एनओसी आणि कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ मागताना कुणाला संकोच वाटत नाही, मग इथेच का?

ज्यांची विक्री आधीच होऊन गेलीय आणि नाव अजून तुमचंच दिसतंय, त्यांनी उशीर झाला म्हणून गप्प बसू नये. दंड भरावा लागला तरी चालेल. जिथे नोंदणी आहे त्या आरटीओला विक्रीच्या पुराव्यासह लेखी कळवा, घेणाऱ्याला वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस द्या, गाडी सापडतच नसेल तर पोलीस ठाण्यात अर्ज द्या, आणि विमा संपलाय का ते आजच बघा.

काकूंना सांगायचं राहिलं होतं. सर म्हणाले बीपी आहे हिला. मी म्हटलं पोस्टमन पुढचं पाकीट त्यांच्याच हातात देईल, तेव्हा काय सांगाल? पुढच्या वेळी दोघं आले. काकूंनी पहिला प्रश्न केला तो त्या गवंड्याच्या पायाचा, बरा झालाय का, आणि दुसरा, "तारखेला मी पण आले तर चालेल का हो?" चालतं, कोर्टात बसता येतं.

केस अजून चालू आहे, विमा कंपनी हजर झालीय, त्या तरुणाने पहिल्या दोन तारखा चुकवल्या आणि तिसऱ्या तारखेला वकील लावला. मधल्या काळात सरांच्या मोबाईलवर त्याच गाडीची ओव्हरस्पीडची ई-चलन पण यायची, ती त्यांनी भरली नाहीत, तक्रार नोंदवून ताब्याची तारीख कळवली आणि सगळी प्रिंट काढून वकिलांच्या फाईलला लावली.