बॅटरी नवी, तरी जुनी गाडी कधी स्टार्ट होते, कधी नुसतं ‘टक्’ करते. काय तपासावं?
गाडी रुसलेली असतानाच तपासा, नंतर सगळं ठीकच दिसतं. न्यूट्रलमध्ये, आतला दिवा लावून चावी फिरवा. दिवा एकदम मंदावला तर बहुतेक बॅटरीचं टर्मिनल सैल किंवा गंजलेलं. तसाच राहिला तर मल्टिमीटरचं (व्होल्ट मोजायचं यंत्र) एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला की अर्थिंगची पट्टी (बॅटरीचं निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडणारी जाड वायर) काढून घासा. माझ्या गाडीत तिचा बोल्ट रंगावरच आवळलेला निघाला, आणि मी मात्र त्याआधी दोनदा सेल्फ खोलून घेतला होता! अर्थिंग चांगलं असेल तर सेल्फचा सोलेनॉइड (त्याला करंट जोडणारा स्विच) नाहीतर त्यातले कार्बन ब्रश (फिरत्या भागाला करंट देणारे तुकडे) खराब. ‘टक्’सुद्धा येत नसेल तर इग्निशन स्विच बघा.