पहिल्यांदाच पायी वारीला निघणाऱ्यांसाठी

बेळगावहून संकेश्वर, चिकोडी, मिरज आणि सांगोला या मार्गाने पंढरपूर सुमारे 250 किलोमीटर आहे. दिवसाला 20 ते 22 किलोमीटर चालल्यास साधारण 12 दिवस लागतात. आषाढीच्या वाटेवर पहिल्या टप्प्यात पाऊस झोडपतो आणि मिरजेच्या पुढे ऊन तापते, म्हणून इरले किंवा रेनकोट आणि डोक्याला उपरणे दोन्ही ठेवावे. चपला महिनाभर वापरलेल्याच घ्याव्यात आणि फोड आल्यास वरची कातडी सोलू नये.

सोबतीविषयी मात्र थोडे सविस्तर सांगतो. गावातून निघताना आपण मित्राबरोबर असतो, पण तिसऱ्या दिवसापर्यंत ज्याची चाल आपल्याशी जुळते तोच खरा सोबती ठरतो, आणि हा बदल मनाला लावून घेऊ नये. माझ्या पहिल्या वारीत मी ईर्ष्येने पुढे चाललो आणि चौथ्या दिवशी टाच फुटली. तेव्हा अथणीकडचे एक कन्नडभाषक शेतकरी माझी पिशवी खांद्यावर घेऊन सांगोल्यापर्यंत माझ्या चालीने चालले. मला कन्नड जेमतेम येत होते, त्यांना मात्र तुकोबांचे अभंग तोंडपाठ होते. दिंडीत प्रत्येकाला ‘माउली’ म्हणतात, त्यामुळे अनोळखी माणसाकडे मदत मागताना संकोच वाटत नाही. तुम्हीही तो बाळगू नये. पहाटे पाण्याच्या रांगेत वाद झाला, तर त्याच दिवशी चहाला बोलावून तो मिटवावा.

पंढरपुरात लाखोंच्या गर्दीत ताटातूट होते, म्हणून पत्ते आणि फोन क्रमांक शेवटच्या मुक्कामीच लिहून घ्यावेत.