बिजागऱ्या आणि ब्रॅकेटच्या कडांवर रंग का बसत नाही?

स्प्रे कॅनचे तीन हात देऊनही कडांवर लोखंड दिसतंय आणि सपाट भागावर ओघळ आलेत, असं तुम्ही लिहिलंय. चौथा हात देऊ नका. रंग कमी पडलेला नाही, तो कडेवरून सरकलाय. ओला रंग पृष्ठताणामुळे धारदार कडेवर पातळ होतो आणि बाजूच्या सपाटीवर गोळा होतो. तेव्हा आत्ताचा रंग रिमूव्हरने उतरवा आणि प्रत्येक कडेची धार कानशीने मोडा. बोट फिरवल्यावर टोचता कामा नये.

मग तेल. नव्या पार्टवरही मशीनचं तेल असतंच. एका चिंधीने थिनर लावा आणि तो उडायच्या आत दुसऱ्या कोऱ्या चिंधीने पुसा. एकच चिंधी फिरवली तर तेल फक्त जागा बदलतं. पाणी शिंपडून बघा: सलग पसरलं तर साफ, थेंब धरले तर पुन्हा पुसा. लगेच कोरडं करून १८० किंवा २२० नंबरचा पॉलिश पेपर मारा, मग रेड ऑक्साइड प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर. ब्रॅकेट जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले असतील तर मात्र एच प्रायमरच (etch, जस्ताला धरून बसणारा) घ्या. जस्तावर थेट मारलेल्या साध्या ऑइलपेंटची पुढे सालं निघतात.

पार्ट बाइंडिंग वायरच्या आकड्याला टांगा. कॅन १५ ते २० सेंटीमीटरवर धरा. फवारा पार्टच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. आधी कडा, भोकं, आतले कोपरे, सपाट भाग शेवटी. कोपऱ्यावर समोरून मारलं की हवा उलटते आणि रंगही परत नेते, म्हणून एकेका बाजूने तिरपं मारा. पहिल्या हातात खालचं प्रायमर दिसलंच पाहिजे. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. दोन हातांमध्ये दहाएक मिनिटं, पण कॅनवर वेगळी वेळ असेल तर तीच पाळा, नाहीतर खालचा थर सुरकुततो.

बडोद्याच्या पावसाळी दमटपणात लॅकर, म्हणजे झटपट सुकणारा रंग, पांढरट पडतो. उघडीप मिळेल त्या दुपारीच काम करा.

शंभर-दोनशे नग असतील तर मकरपुरा जीआयडीसीत (बडोद्याची औद्योगिक वसाहत) पावडर कोटिंगला टाका; त्यात रंगाची कोरडी भुकटी फवारून भट्टीत भाजतात. आतल्या कोपऱ्यात पावडरही सहज शिरत नाही, हे आधीच सांगून ठेवा. बिजागरीची पिन काढून द्या, नाहीतर भट्टीतून जाम होऊन येईल.